रशमोअरचा डोंगर

रॅपिड सिटी, साउथ डकोटा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काल माउंट रशमोअर पाहिलं. तू छिन्नी-हातोड्याचा माणूस, म्हणून तुलाच आधी लिहितोय. डोंगराच्या कड्यातच कोरलेले चार अमेरिकी राष्ट्राध्यक्ष: वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन, एकेकाचं डोकं साठ फूट उंच! पण छिन्नीचं काम थोडंच. नव्वद टक्के दगड सुरुंगांनी उडवलाय. शिल्पकार गटझन बोर्गलमने १९२७ साली काम काढलं, तेव्हा हाताखाली होते ते बहुतेक आसपासचे खाणकामगार. पोलादी दोराला टांगलेल्या बैठकीत लटकत ते भोकं पाडायचे. शेवटचे काही इंच उरले की अगदी जवळजवळ भोकं पाडून दगडाची चाळण करायची आणि मग तो हाताने सुटा करायचा. चौदा वर्षांत सुमारे चारशे माणसं राबली, पण कामावर एकही दगावला नाही. मला बोर्गलमपेक्षा या माणसांचं जास्त कौतुक वाटलं.

डोळे तर तू पाहायलाच हवेस. बुबुळाच्या जागी खोल खळगा कोरून आत दगडाचा एक खुंट राखलाय. त्याच्या टोकावर ऊन पडतं, भोवती सावली राहते आणि खालून नजर जिवंत वाटते.

जेफरसन आधी वॉशिंग्टनच्या उजव्या हाताला कोरायला घेतला होता. बरंच काम झाल्यावर दगड भेगाळलेला निघाला. तो चेहरा सुरुंगाने उडवला आणि दुसऱ्या बाजूला नव्याने सुरुवात केली. मूळ नमुन्यात आकृत्या कमरेपर्यंत होत्या. मार्च १९४१मध्ये बोर्गलम गेला, त्याच्या मुलाने, लिंकन बोर्गलमने, ऑक्टोबरपर्यंत काम रेटलं आणि तिथेच ते थांबलं.

आता जे मनातून जात नाही ते सांगतो. हा ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख इथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांना पवित्र. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८च्या फोर्ट लॅरामी तहाने तो त्यांच्याकडेच राहायचा होता. १८७४मध्ये इथे सोनं सापडलं आणि १८७७मध्ये सरकारने मुलूख काढून घेतला. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, ती त्यांनी आजवर घेतलेली नाही. त्यांना पैसे नकोत, जमीन हवी आहे. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ऐक: डोंगरात शिल्पं कोरण्याची कल्पना १९२३मध्ये डोन रॉबिन्सन या इतिहासकाराने मांडली, तेव्हा त्याच्या यादीत त्या तहावर सही करणारा लाकोटा नेता रेड क्लाउडही होता. बोर्गलमने राष्ट्राध्यक्ष निवडले आणि तो वगळला गेला. कारागिरीला मी मनापासून दाद देतो, पण दगड कोणाचा होता हे विसरून ती देता येत नाही.

उद्या क्रेझी हॉर्स या लाकोटा नेत्याचं डोंगरात कोरलं जाणारं शिल्प पाहायला जातोय. ते १९४८पासून अजून चालूच आहे, चेहरा १९९८मध्ये पुरा झाला. काही लाकोटांचा त्यालाही विरोध आहे. डोंगर फोडणंच त्यांना मान्य नाही. तिथे कोणी बोलायला भेटलं तर विचारीन. भोकांच्या खुणांचे जवळून काढलेले फोटो वेगळे पाठवतो, नीट बघून कळव.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
अविनाश