दंत महाविद्यालय निवडताना ओपीडी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नीटचा निकाल लागला की दवाखान्यात दाढ दाखवायला आलेले पालकही खुर्चीवरून उठता उठता विचारतात, ‘डॉक्टर, बीडीएसला (दंतवैद्यकाच्या पदवीला) कुठलं कॉलेज घालू?’ कोल्हापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय दंत महाविद्यालय मात्र नाही. त्यामुळे मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयांपर्यंत गुण पोहोचले नाहीत, तर नजर न्यू पारगाव, सांगली, कराडकडे वळते, आणि पसंतीक्रम भरताना ‘शनिवारी घरी येता येईल’ हाच निकष वरचढ ठरतो.

माझ्या मते पहिला निकष रुग्णसंख्येचा असावा. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिली दोन वर्षे मेण, प्लास्टर आणि फँटम हेडवर (सरावासाठीच्या कृत्रिम डोक्यावर) हात बसवता येतो, पण तिसऱ्या वर्षापासून खुर्चीत जिवंत माणूस लागतो. दाढा काढणे, दात भरणे, कवळ्या बसवणे यांचा ठरावीक कोटा प्रत्येक विद्यार्थ्याला पूर्ण करावा लागतो. जिथे ओपीडी रोडावलेली असते, तिथे विद्यार्थीच नात्यागोत्यातले रुग्ण शोधून आणतात, प्रसंगी त्यांचे एसटीचे भाडेही स्वतः भरतात, आणि वहीतला कोटा पूर्ण झाला तरी हात कच्चाच राहतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत संशोधन आणि नावलौकिक यांना गुण असतात; एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे त्यातून कळत नाही. म्हणून पालकांनी कामकाजाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास महाविद्यालयात जावे, केसपेपरच्या खिडकीपुढची रांग पाहावी, किती खुर्च्या रिकाम्या आहेत ते पाहावे आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून ‘रुग्ण कुठून येतात?’ एवढे विचारावे. माहितीपुस्तिकेतील चकचकीत छायाचित्रे बहुधा रिकाम्या खुर्च्यांचीच असतात, हेही ध्यानात घ्यावे.

शुल्काबाबतही गैरसमज फार आहेत. राज्यातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क ‘शुल्क नियामक प्राधिकरण’ ठरवते. अभिमत विद्यापीठे त्याच्या कक्षेत येत नाहीत आणि त्यांचे प्रवेशही राज्याच्या सीईटी कक्षाऐवजी केंद्रीय समुपदेशनातून होतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत अभिमत विद्यापीठात किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास मिळत नाही. मुलीसाठी जागा ‘पक्की’ करून देणारे मध्यस्थ नेमके हेच सांगत नाहीत. शिवाय हत्यारे, मायक्रोमोटर आणि साहित्य विद्यार्थ्यालाच विकत घ्यावे लागते. हा खर्च शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही.

‘इथे बीडीएस करून अमेरिकेत दवाखाना’ असा बेत करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच हिशेबात धरावी. तिकडे विद्यार्थी सहसा आधी पदवी घेतो, जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरावीक विषय पूर्ण करतो आणि डॅट ही दंत प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांच्या दंत महाविद्यालयात जातो. आपल्या बीडीएसधारकाला तेथे परवाना मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे तेथील मान्यताप्राप्त महाविद्यालयात आणखी दोन-तीन वर्षे शिकावे लागते, आणि त्या खर्चापुढे इथले चार वर्षांचे शुल्क किरकोळ वाटू लागते.

पसंतीक्रम भरण्यासाठी मिळणाऱ्या मोजक्या दिवसांत प्रत्येक पालकाला चार गावे फिरणे जमणार नाही. म्हणून सीईटी कक्षाने प्रवेशाच्या संकेतस्थळावर प्रत्येक दंत महाविद्यालयाच्या नावापुढे शुल्क आणि जागांबरोबरच मागील वर्षातील विभागवार रुग्णसंख्या आणि चालू स्थितीतील खुर्च्यांची संख्या प्रसिद्ध करावी, ही मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत वैद्यकीय शिक्षण विभागापर्यंत पोहोचावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक दंतवैद्य, राजारामपुरी, कोल्हापूर