लाइन आली की सरळ चॅनल लागावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा-दिग्रस भागातल्या खेड्यांत मी डिश बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. दूरदर्शनची मोफत डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत मी या धंद्यात आलो. आता लोक नेटवर चालणारा टीव्ही बॉक्स लावून द्यायलाही बोलावतात. नवा बॉक्स आला की जाहिरात असते फोर-के चित्राची आणि शेकडो ॲपची. ज्यांच्या भिंतीवर मी तो लावतो त्यांचं मागणं मात्र वेगळं असतं, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी लाइनचं. आमच्याकडे एका संध्याकाळी दोन-तीनदा लाइन जाते. मोफत डिशचा साधा बॉक्स लाइन आली की ज्या चॅनलवर होता तिथंच पुन्हा सुरू होतो. नेटचा बॉक्स आधी मिनिट-दीड मिनिट कंपनीचं नाव दाखवतो, मग नेट शोधत बसतो, मग पडदाभर पोस्टरं. तिथून सह्याद्री वाहिनीपर्यंत जायला पाच-सहा बटणं दाबावी लागतात. एका घरच्या आजी मला म्हणाल्या, "मले बातम्या पायजे बाप्पा, हे पिक्चरचं दुकान कायले उघडते दर खेपी?" त्यांचं अगदी बरोबर आहे. चालू होताच ठरावीक चॅनल लागावं, एवढी सोय बॉक्समध्ये का असू नये?

दुसरं नेटपॅकचं. गावोगाव नेट पोचवणाऱ्या सरकारी भारतनेट योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी बहुतेक घरांत नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. एचडी चित्राला साधारण पाच एमबीपीएस वेग लागतो, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक चाळीस मिनिटांत संपतो. त्यानंतर नेट इतकं मंद होतं की पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं, आणि घरातल्या पोरांना अभ्यासालाही ते उरत नाही. तेच चित्र एक एमबीपीएसवर पाहिलं तर पॅक तीन तासांच्या वर पुरतो. आमच्याकडच्या बत्तीस इंची टीव्हीवर त्याने कोणाची तक्रार नसते. पण ही सेटिंग प्रत्येक ॲपमध्ये वेगळी आणि अशी आत दडवलेली की मलाही शोधावी लागते. बॉक्सने ती एकदाच, पहिल्या दिवशी विचारावी आणि आज किती जीबी गेले ते कोपऱ्यात दाखवावं.

मोबाइलवर मालिका रात्री डाउनलोड करून सकाळी बघता येते. रात्री अकरानंतर टॉवर मोकळा असतो, नेट धावतं. टीव्हीच्या बॉक्सवर मात्र बहुतेक ॲपमध्ये डाउनलोडची सोयच नाही आणि आठ जीबीच्या मेमरीत जागाही उरत नाही. मागे यूएसबीची जागा असते. तिथं पेनड्राइव्ह लावून रात्री भरून ठेवता आलं तर संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी नेटची गरजच पडणार नाही. माझ्या मते फोर-केपेक्षा ही गोष्ट शंभर पटीने कामाची आहे.

आता एक प्रसंग सांगतो. गेल्या दिवाळीत एका म्हाताऱ्या जोडप्याच्या मुलाने पुण्याहून बॉक्स आणला, स्वतःच्या नंबरवर सगळं सुरू करून दिलं आणि डिशची जुनी छत्री काढायला लावली. महिनाभराने ॲप आपोआप लॉगआउट झालं. ओटीपी जाणार मुलाच्या मोबाइलवर, तो दुसऱ्या पाळीत, आणि कंपनीत मोबाइल गेटवरच जमा होतो. दोघं तीन संध्याकाळी काळ्या पडद्यासमोर बसून होते. चौथ्या दिवशी मी छत्री परत चढवली. त्या घरातून निघताना मला फार वाईट वाटलं. घरातल्याच साध्या मोबाइलवरून, ओटीपीच्या वेळेचा धाक न ठेवता, टीव्ही पुन्हा सुरू करता यायला हवा.

म्हणून माझं मुख्य मागणं असं: मोफत डिश आणि नेट एकाच बॉक्समध्ये, एकाच रिमोटवर द्या. खासगी डिशवाल्यांचे असे बॉक्स आहेत, पण त्यांना दरमहा रिचार्ज लागतो. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे ॲप आणलं, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. चांगली गोष्ट आहे, पण तेही नेटवरच चालतं. छत्रीची वायर ज्यात लावता येईल आणि नेट गेलं की जो आपोआप छत्रीवर येईल, असा बॉक्स प्रसार भारतीने एखाद्या कंपनीकडून करून घ्यावा.

जुन्या टीव्हीसाठी पिवळी-लाल-पांढरी पिन ठेवा, सगळीकडे एचडीएमआय नाही. अडॉप्टर कमी-जास्त व्होल्टेज सोसणारा आणि तालुक्याच्या दुकानात सुटा मिळणारा असावा. मृगाच्या पहिल्या विजांत माझ्याकडे जळालेले अडॉप्टर येतात. बॉक्स चांगला असतो, पण जोडीचा अडॉप्टर मिळत नाही म्हणून तो कपाटात पडतो. कापूस विकून घेतलेली वस्तू आहे ती.

बॉक्स बनवणाऱ्यांनी जूनमधला एक आठवडा आमच्या एखाद्या गावात तो लावून पाहावा. छत्री, वायर आणि शिडी घेऊन मी सोबत राहीन.

आपला नम्र,
एक डिश मेकॅनिक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ