बॅलेसाठी कायम निधी उभारायचा, तर हिशेब आधी मांडा

महोदय,

बॅले हा पाश्चात्त्य शास्त्रीय नृत्यप्रकार शिकणाऱ्या मुलांसाठी कायम निधी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजातून शिष्यवृत्ती देणारा निधी, उभारायचा तर काय पाहावे, ते इथे मांडतो. परदेशी नृत्यशाळेत निवड झालेल्या मुलासाठी मदतीचे आवाहन आले की लोक हात आखडता घेत नाहीत. दिल्लीतल्या ई-रिक्षाचालकाचा मुलगा कमल सिंह याची २०२० मध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये निवड झाली, तेव्हा फी आणि राहण्याचा खर्च ऑनलाइन वर्गणीतूनच उभा राहिला. तो उशिरा शिकायला लागूनही तिथवर पोहोचला, हा अपवाद. स्वित्झर्लंडमधली लोझानची बॅले स्पर्धा १९७३ पासून चालते. तिचा वयोगट १५ ते १८ असून विजेत्यांना नामांकित शाळेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. पंधराव्या वर्षी तिथे उभे राहायचे, तर आठव्या-नवव्या वर्षीच शिक्षण सुरू झालेले हवे. नेमक्या या मधल्या सहा-सात वर्षांत मुलांना कोणी विचारत नाही.

सरकारी योजनांचाही फारसा आधार नाही. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, पण तिचा भर भारतीय पारंपरिक कलांवर आहे. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे. बॅलेत अठरावे वर्ष म्हणजे नोकरी शोधायची वेळ. इंग्लंडमध्ये सरकार पालकांचे उत्पन्न पाहून रॉयल बॅले स्कूलसारख्या शाळांतल्या मुलांची फी भरते. अमेरिकेत फोर्ड फाउंडेशनने १९६३ मध्ये बॅलेसाठी सुमारे ७७ लाख डॉलर दिले आणि त्यात गावोगावच्या मुलांच्या शिष्यवृत्त्याही धरल्या. आपल्याकडे हे काम स्थानिक न्यासांनाच करावे लागेल.

सोलापुरात देणगीदारांची वानवा नाही. पण आपली सवय 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ठेव ठेवण्याची. अशा ठेवीतून आजही स्नेहसंमेलनात एकशे एक रुपयांचे पाकीट दिले जाते. ठेव ठेवली तेव्हा ती रक्कम बऱ्यापैकी होती. ५ टक्के महागाई धरली तरी चौदा वर्षांत रुपयाची ताकद निम्मी होते. बॅलेचा निधी याच वाटेने जाऊ नये.

समजा २५ लाखांचा निधी उभा राहिला आणि मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला १,७५,००० रुपये येतात. यातले निम्मे परत मुद्दलात टाकू, असे अनेक विश्वस्त सहज म्हणून जातात. करसवलत घेणाऱ्या न्यासाला ते जमत नाही. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च करावा लागतो. राखता येतात ते १५ टक्के, म्हणजे २६,२५०. कारण आणि मुदत कळवून जास्त रक्कम बाजूला ठेवता येते, पण तीही शेवटी खर्चच करावी लागते. महागाईला पुरे पडायला मात्र मुद्दल वर्षाला सव्वा लाखाने वाढायला हवे. म्हणजे दरवर्षी साधारण एक लाखाची नवी भर बाहेरून आलीच पाहिजे. निधी एकदा उभारून हात झटकणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

ही भर मुद्दलातच जावी म्हणून देणगीदाराकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी' असे लेखी घ्यावे. ते नसेल तर ती साधी देणगी धरली जाते आणि तिलाही ८५ टक्क्यांचा नियम लागतो. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. अमेरिकेतल्या सोलापूरकराकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील नोंदणीशिवाय त्याचा रुपयाही घेऊ नये. आणि दोन टक्के जास्त व्याजाच्या मोहाने निधी पतसंस्थेत ठेवू नये. न्यासाचा पैसा कुठे गुंतवायचा हे कायद्याने ठरवून दिलेले आहे.

न्यासपत्रात उद्देश 'फक्त बॅले' असा लिहिला तर एखाद्या वर्षी योग्य मूल मिळणार नाही आणि पैसे पडून राहतील. नंतर उद्देश बदलायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे खेटे घालावे लागतात. 'नृत्यशिक्षण, प्राधान्य बॅलेला' असे शब्द असावेत. परदेशी शाळेची फी न्यासाच्या खात्यातून थेट पाठवायची असेल तर आधी सीएला विचारावे, कारण भारताबाहेर केलेल्या खर्चावर करसवलतीचा प्रश्न उभा राहतो.

व्याजातले १५ टक्के राखून उरलेल्या सुमारे दीड लाखात किती मुले बसतील? आमच्या मते दोन, फार तर तीन. इथल्या मुलाला चांगल्या शिक्षकासाठी पुण्याला जावे लागते. महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन-येऊन, तेही बरोबर एका पालकाला घेऊन. त्या पालकाचे तिकीट आणि बुडालेली रोजी शिष्यवृत्तीत धरली नाही, तर गरीब घरातले मूल तीन महिन्यांत घरी बसते.

दुसरा खर्च पॉइंट शूजचा. चवड्याच्या टोकावर उभे राहण्याचे हे जोडे बहुतेक कापड, कागद आणि खळीचे थर देऊन टोकाला कडक केलेले असतात. घामाने खळी मऊ पडते, टोक दबते, आणि तशाच जोड्यावर उभे राहिले की घोटा मुरगळतो. रंगमंचावरच्या व्यावसायिक नर्तिकेची जोडी एका प्रयोगात संपू शकते. रोज सराव करणाऱ्या मुलीची काही आठवडे टिकते. वाढत्या वयात पायाचे मापही बदलते, म्हणून ऑनलाइन मागवलेली जोडी बरेचदा वाया जाते. एकदाच साहित्य देऊन फोटो काढण्यात अर्थ नाही. जोड्यांसाठी वेगळी तरतूद ठेवावी, पावती पाहून पैसे द्यावेत. मात्र घोट्यात पुरेशी ताकद आल्याचे शिक्षकाने लिहून दिल्याशिवाय, आणि वयाच्या साधारण अकराव्या-बाराव्या वर्षाआधी, पहिली जोडी देऊच नये. हौसेपोटी लवकर घातलेल्या या जोड्यांनी कोवळ्या पायाला इजा होऊ शकते.

जमिनीचा प्रश्नही तितकाच मोठा. शहाबादी फरशीवर रोज उड्या मारल्या की नडगीचे हाड दुखू लागते, पुढे त्याला बारीक तडाही जातो. लाकडी पट्ट्यांच्या जाळीखाली रबराचे तुकडे, वर प्लायवूड आणि त्यावर व्हिनाइल, अशी लवचीक जमीन लागते. हा खर्च व्याजातून होणार नाही. त्यासाठी स्वतंत्र देणगीदार शोधावा. नावाची पाटी ज्याला हवी असेल, त्याच्यासाठी ही जागा उत्तम आहे!

निवड समितीत नृत्यवर्ग चालवणारे नसावेत. बाहेरगावच्या शिक्षकाला बोलवावे. त्यांनी पाठ केलेला नाच न पाहता साधा वर्ग घ्यावा आणि मांडी खुब्यातून किती बाहेर वळते, ताल किती पक्का आहे, सांगितलेली दुरुस्ती मूल लगेच करते का, एवढे पाहावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्यावा, पण वजनाची अट ठेवू नये, कारण मुली उपाशी राहू लागतात. शिष्यवृत्ती निदान तीन वर्षांची असावी. दुखापत झाली तर ती थांबवू नये, उलट फिजिओथेरपीचे पैसे त्यातूनच द्यावेत. दहावीच्या वर्षी वर्ग कमी झाले तरी नाव काढू नये. सर्वाधिक मुले गळतात ती त्याच वर्षी.

नृत्यशिक्षण आणि न्यासांच्या हिशेबाचे काम करणारे काही वाचक,
सोलापूर