चार दिवसांच्या उशिराला पाच वर्षं: केंद्रीय विधी व न्यायमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

परवा दुपारी कोतवाल घरी येऊन लिफाफा देऊन गेला. ग्रामपंचायत निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब मुदतीत दिला नाही म्हणून मला पाच वर्षांसाठी अनर्ह, म्हणजे निवडणूक लढवायला अपात्र, ठरवलंय. ती निवडणूक मी अकरा मतांनी हरलो होतो. हरलेल्यालाही निकालापासून तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो, एक रुपया खर्च झाला नसला तरी. हा नियम मला ठाऊक होता आणि आजही मान्य आहे. माझा हिशेब चौतिसाव्या दिवशी गेला.

सव्विसाव्या दिवशी पहाटे वडिलांचा उजवा हात आणि तोंडाची एक बाजू लुळी पडली. त्यांना घेऊन मिरजेला गेलो आणि आठ दिवस दवाखान्याच्या जिन्याखाली झोपलो. परत आल्यावर अंघोळही न करता तहसील कचेरीत गेलो. वही सोबत होती. बॅनर दोन, रिक्षा आणि भोंगा एक दिवस, पत्रकं, चहा चौदा कप. बाबू म्हणाले, चहाची पावती कुठंय? स्टँडवरच्या टपरीवाल्या मावशी कसली पावती देणार? पुन्हा गावी आलो, त्यांच्याकडून कागदावर अंगठा घेतला आणि कचेरी बंद व्हायच्या आत परत पोचलो. कागद घेतले, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. मला वाटलं, सुटलो. सुनावणीला दवाखान्याची कागदपत्रं दाखवली. ती फायलीत लागली आणि वर आदेश निघाला. वडिलांना अजून नीट बोलता येत नाही, पण लिफाफा बघून त्यांनी डावा हात कपाळाला लावला. माझ्या पायी पोराचं नाव गेलं, असं त्यांना वाटतंय. ते मला सहन होत नाही.

ग्रामपंचायतीचा कायदा राज्याचा आहे, तुमचा नाही, हे मला समजतं. पण राजकीय पक्षांच्या पैशाचा कायदा तुमच्या खात्याचा आहे, म्हणून तुम्हाला लिहितोय.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देता येणारे देणगीचे कागद, घटनाबाह्य ठरवले. पैसा कुणी दिला हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असं त्यांनी सांगितलं. स्टेट बँकेला तपशील द्यायला 6 मार्चची मुदत दिली. देशातली सगळ्यात मोठी बँक, गल्लीगल्लीत तिची शाखा, आणि तिनं 30 जूनपर्यंत वेळ मागितला. म्हणजे 116 दिवस जास्त. तोवर लोकसभेचा निकालही लागून गेला असता. न्यायालयानं 11 मार्चला कान उपटले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी माहिती निवडणूक आयोगाकडे पोचली! मला चार दिवस जास्त लागले होते, साहेब, आणि माझा बाप खाटेवर होता.

मग पक्षांनी आयोगाला दिलेली पत्रं बाहेर आली. जनता दल युनायटेडनं लिहिलं होतं की 2019 च्या एप्रिलमध्ये पाटण्याच्या कार्यालयात कुणीतरी एक पाकीट देऊन गेलं, उघडलं तर आत एक-एक कोटीचे दहा रोखे. देणारा कोण, ते ठाऊक नाही. दहा कोटींना नाव नसलं तरी चाललं. माझ्या चौदा कप चहाला अंगठा लागला.

सत्ताधारी म्हणतात, रोख्यांमुळे रोखीतला काळा पैसा बँकेतून यायला लागला. विरोधक म्हणतात, ही खंडणी होती. टीव्हीवर रोज हीच भांडणं. पण आयोगाच्या यादीत भाजपचे सुमारे 6,060 कोटी आहेत, तृणमूलचे 1,600 च्या वर आणि काँग्रेसचे 1,400 च्या वर. कमीजास्तीचा फरक मोठा आहे, तो मी झाकत नाही. पण घेतले जवळपास सगळ्यांनी. नको म्हणणारे डावे आणि रोखे न मिळालेला बसप सोडला तर दुसरं ठळक नाव मला सापडत नाही.

आणि जिथं दोघांचीही मान अडकते तिथं भांडण मिटतं. परदेशी कंपन्यांशी जोडलेल्या देणग्या घेतल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं 2014 मध्ये भाजप आणि काँग्रेस दोघांनाही दोषी धरलं. पुढं 2018 च्या वित्त विधेयकातून परदेशी देणग्यांचा कायदाच थेट 1976 पासून बदलला. लोकसभेत ते विधेयक चर्चेविना मंजूर झालं. बेचाळीस वर्षांमागं जाऊन दोष पुसता येतो, आणि आमच्यासाठी चार दिवस मागं जाता येत नाही? केंद्रीय माहिती आयोगानं 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं. त्यात भाजप होता, काँग्रेस होती, राष्ट्रवादी होती, बसप होता, दोन्ही कम्युनिस्ट पक्षही होते. एकानंही तो आदेश पाळला नाही. त्यांना कुणी पाच वर्षं घरी बसवलं?

रोखे गेले, पण भोक बुजलं नाही. आजही 20 हजारांपर्यंत देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाला आयोगाला कळवावं लागत नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत 95 लाखांची मर्यादा आहे, पक्षाला मर्यादाच नाही. हेलिकॉप्टर, पानभर जाहिराती, मोबाइलवरचा प्रचार, सगळं पक्षाच्या नावावर टाकता येतं. देणग्यांचा अहवाल वर्षातून एकदा येतो, तोवर शाई बोटावरून गेलेली असते.

माझं मागणं एवढंच आहे. एक रुपयाच्या देणगीलाही नाव लागू द्या. ते नाव मतदानाआधी आम्हाला दिसू द्या. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घाला, आणि मुदत चुकली तर पक्षालाही तीच शिक्षा द्या जी मला दिलीत. माझा आदेश रद्द करा असं मी म्हणत नाही. त्यासाठी अपील करीन, वकिलाच्या फीपुरतं एक करडू विकायचं ठरलंय.

या पत्रासोबत वहीतल्या खर्चाच्या पानाची प्रत पाठवतोय. टपरीवाल्या मावशींचा अंगठा डाव्या कोपऱ्यात आहे, जरा पुसट आलाय.

आपला नम्र,
अनर्ह ठरलेला एक उमेदवार
जिल्हा सांगली