‘अनपेक्षित गर्दी’ या आपल्या उत्तराबाबत तक्रार

तुळजापूर, जि. धाराशिव
दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : सप्टेंबर २०२५ मधील ग्रीस क्रूझ सहल, सँटोरिनी बेटावरील दिवसाचे नियोजन व परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या कार्यालयाचा चार ओळींचा ई-मेल मुलाने प्रिंट काढून दिला. ‘अनपेक्षित गर्दीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, मात्र ही बाब कंपनीच्या नियंत्रणाबाहेर होती,’ असे त्यात म्हटले आहे. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात आमच्या जिल्ह्यात पावसाने जे केले ते आपण बातम्यांत पाहिलेच असेल. सोयाबीन पाण्यात होते, तेव्हा सँटोरिनी आठवायला कोणाला सवड होती! आता घरदार जरा मार्गी लागले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी एसटीत एकतीस वर्षे काढली. शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून, तुळजापूरच्या बसस्थानकावर. नवरात्र आणि त्यानंतरची अश्विनी पौर्णिमा म्हणजे काय असते हे आपणास पुण्यात बसून ठाऊक नसेल. पौर्णिमेला सोलापूरकडून लोक रात्रभर चालत येतात आणि दर्शन झाले की सगळ्यांना एकदमच परत जायचे असते. किती माणूस येणार, कोणत्या तासाला येणार, कोणत्या फलाटावर तुंबणार, याचा हिशेब आम्ही महिनाभर आधी कागदावर मांडून जादा गाड्या मागवत असू. चुकायचे. पण ‘गर्दी अनपेक्षित होती’ असे एकाही वर्षी विभागाला लिहून दिले नाही. दिले असते तर विभाग नियंत्रकांनी उभे केले असते.

आता सँटोरिनीचा तो दिवस. जुनी सवय म्हणून मी खिशात डायरी ठेवतो आणि वेळा टिपतो. त्या पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत छापले होते : ‘सँटोरिनी, सकाळी ८ ते सायंकाळी ६. निळ्या घुमटांचे इया गाव, फिरा शहर, खरेदीसाठी मोकळा वेळ.’ दहा तास वाचून आमची मंडळी हरखली. त्यातले किती तास जमिनीवर आणि किती रांगेत, हे छापलेले नव्हते.

जहाज वेळेवर पोहोचले. त्याबद्दल तक्रार नाही, आणि म्हणूनच ‘जहाजाच्या वेळापत्रकात बदल होऊ शकतो’ ही आपली छापील अट इथे लागू होत नाही. एका मिनिटाचाही बदल झाला नाही. सँटोरिनीला मोठी जहाजे धक्क्याला लागतच नाहीत. ज्वालामुखीच्या जुन्या स्फोटात बेटाचा मधला भाग खचून तिथे समुद्र शिरला आहे, पाणी फार खोल आहे. जहाज मध्येच उभे राहते आणि माणसे छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. या होड्यांना ‘टेंडर’ म्हणतात. (टेंडर म्हटले की आम्हाला बांधकाम खातेच आठवते. लातूरचे एक गुरुजी म्हणाले, ‘इथंही टक्केवारी आहे का?’) होडीसाठी जहाजावरच नंबर घ्यावा लागतो. जो लवकर जाऊन बसतो त्याला लवकरचा नंबर. आमची न्याहारी आपण साडेआठला ठेवली होती. आम्ही नऊ दहाला हॉलमध्ये गेलो तेव्हा नंबर मिळाला १९, आणि त्या वेळी पुकारा चालू होता ४ चा. होडीत पाय टाकला १० वाजून ५५ मिनिटांनी. म्हणजे बेट समोर दिसत असताना पावणेदोन तास आम्ही एसीत बसून कॉफी पीत होतो.

होडी लागते ती जुन्या बंदराला. वर उभा काळा-तांबडा कडा, आणि कड्याच्या माथ्यावर पांढरे फिरा शहर, साखर सांडल्यासारखे. वर जायला वाटा तीनच. पावणेसहाशेच्या वर पायऱ्या, त्याच पायऱ्यांवरून चालणारी गाढवे-खेचरे, किंवा रोपवे. रोपवेच्या रांगेचे शेपूट धक्क्यावरच्या हॉटेलांच्या टेबलांमधून फिरून पुन्हा पाण्याकडे आले होते. आमच्या जहाजाखेरीज आणखी तीन जहाजे समोर उभी होती. आमच्या सौभाग्यवती कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘आवो, ही तर दर्शनबारीच हाय की. हितं मुखदर्शनाची सोय तरी हाय का?’

रांगेत उभे राहून मी जे केले ते आपल्या नियोजन विभागाने कार्यालयात बसून करायला हवे होते. डबे मोजले. सहा डबे, डब्यात सहा माणसे, एका खेपेला छत्तीस. खेप सुमारे तीन मिनिटांची. वरचे-खालचे चढणे-उतरणे चटपटीत झाले तरी तासाला सातशे वीस माणसांच्या वर काही ते यंत्र वर नेत नाही. आता दुसरी बाजू. या बेटावर दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा २०२५ पासून ठेवलेली आहे, कारण गर्दीने तिथले लोकच टेकीला आले होते. आठ हजार भागिले सातशे वीस. अकरा तासांच्या वर. म्हणजे मर्यादा पाळूनसुद्धा, सगळी माणसे रोपवेने वर न्यायची म्हटली तर शेवटचा माणूस वर पोहोचेपर्यंत पहिल्याची परतायची वेळ टळून जाते. मान्य, काही लोक चालतात, काही बसने येतात. तरीही या भागाकारात ‘अनपेक्षित’ कुठे बसते ते मला दाखवावे. कोणत्या दिवशी कोणती जहाजे लागणार याचे वेळापत्रक बंदरे महिनोन् महिने आधी जाहीर करतात. माझ्या मुलाने ते घरी बसून मोबाइलवर दहा मिनिटांत काढून दाखवले. आपल्याकडे तर त्यासाठी पगारी माणसे आहेत.

रोपवेत बसलो १ वाजून ५ मिनिटांनी. वर इयाच्या बससाठी पस्तीस मिनिटे. इयाला पोहोचलो सव्वादोनला. आणि २.५० ला आपला टूर मॅनेजर हात वर करून ‘चला, चला’ म्हणू लागला, कारण शेवटची होडी पाचची होती. पस्तीस मिनिटे. त्यातली दहा शौचालयाच्या रांगेत. ज्या निळ्या घुमटांचा फोटो आपल्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर आहे, ते घुमट ज्या गल्लीतून दिसतात तिच्या तोंडापर्यंत आम्ही गेलो. पुढे फोटो काढणाऱ्यांची भिंत. परभणीच्या दोघी बहिणींनी मोबाइल डोक्यावर धरून फोटो काढला, त्यात एका जपानी माणसाची टोपी छान आली आहे.

खरा प्रकार परतीला झाला. ३.२० ला फिरात उतरलो तर खाली जायच्या रोपवेची रांग गल्लीत वळून दुकानांपर्यंत गेलेली. मॅनेजरने पुढे जाऊन विचारले, दीड तास लागेल म्हणाले. होडी चुकली तर जहाज थांबत नाही, हे त्याने पहिल्या दिवशीच बजावले होते. तो म्हणाला, ‘काका, पायी उतरू या, वीस मिनिटांत खाली.’ वीस मिनिटे त्याच्या पायांना लागत असतील. आमच्या सौ. एकसष्ट वर्षांच्या, उजव्या गुडघ्याची झीज झालेली, आणि ही गोष्ट बुकिंगच्या फॉर्मवर ‘आरोग्यविषयक माहिती’ या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. त्याचीही झेरॉक्स सोबत आहे.

त्या पायऱ्या आपल्यापैकी कोणी उतरून पाहिल्या आहेत का? रुंद, उतरत्या, आणि दगड झिजून गुळगुळीत झालेला. त्यावर गाढवांची लीद, त्यावर पाणी मारलेले. मध्येच घंटा वाजवत दहा-बारा जनावरांचा तांडा येतो, मग भिंतीला चिकटायचे. आमच्या आईच्या देवळात आधी पायऱ्या उतराव्या लागतात, त्यामुळे उतरण्याची सवय सौ.ना लहानपणापासून आहे. तरी अर्ध्या वाटेवर पाय सरकला आणि त्या बसल्या. एका गाढववाल्याने खुणेने विचारले, बसता का? तिथे २०१८ पासून नियम आहे, शंभर किलोच्या वर ओझे जनावरावर टाकायचे नाही, म्हणजे सौ. नियमात बसत होत्या. पण त्या म्हणाल्या, ‘त्या मुक्या जिवानं काय पाप केलंय?’ आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उरलेल्या पायऱ्या उतरल्या. ४.३५ ला खाली. गुडघा नारळाएवढा सुजला होता. पुढचे दोन दिवस त्यांनी जहाजाच्या खोलीत काढले. त्या दोन दिवसांत कोणती बेटे आली हे मी सांगत नाही, त्यांनी ती खिडकीतून पाहिली.

सगळी बेरीज केली तर नुसते थांबण्यात चार तासांच्या वर गेले, आणि ज्यासाठी गेलो त्या इयात पस्तीस मिनिटे.

यावर उपाय नव्हता असे म्हणू नका. जहाजाच्या स्वतःच्या सहली विकत घेतल्या, तर त्यांच्या होड्या जुन्या बंदराला न लागता अथिनियोसच्या बंदराला लागतात. तिथे बस उभी असते आणि वळणाच्या रस्त्याने थेट वर नेते. रोपवे लागतो तो फक्त उतरताना. त्या लोकांना होडीही आधी मिळते. आमच्या डोळ्यांदेखत ती मंडळी नऊच्या आत गेली. तो खर्च आपल्याला वाचवायचा होता, तर तसे सांगून आम्हाला निवड करू द्यायची होती. आम्ही वरचे पैसे दिले असते. दुसरी वाट, जुन्या बंदरावरूनच इयाकडे होडी आणि पुढे बस अशी सोय मिळते, धक्क्यावर त्याच्या पाट्या आहेत, म्हणजे चढायची रोपवेची रांग टळली असती. हेही नको तर इया पत्रिकेतून काढायचे, न्याहारी सातला ठेवायची आणि दिवसभर फिरातच फिरवायचे. कड्याच्या काठावर बसून समुद्र पाहिला असता तरी आम्ही खूश होतो, आम्ही दुष्काळी भागातली माणसे, पाणी नुसते पाहूनसुद्धा पोट भरते. आणि काहीही केले तरी परतीचे दोन तास आधी बाजूला काढायचे. आमच्याकडे जादा वाहतुकीचा तक्ता परतीच्या गाड्यांपासून भरत जातो. येणारा माणूस कसाही येतो, अडकतो तो जाताना.

दुसरी तक्रार पैशाची, ती थोडक्यात. पत्रिकेत ‘सर्व बंदर कर समाविष्ट’ असे छापले आहे. प्रत्यक्षात मिकोनोस आणि सँटोरिनी या दोन बेटांचा ग्रीस सरकारचा नवा क्रूझ कर म्हणून माणशी २० अधिक २० युरो जहाजावर रोख घेतले. कर खरा आहे, जुलै २०२५ पासून लागू झाला आहे, चौकशी केली. पण तो बंदर करच आहे, आणि आपण तो समाविष्ट असल्याचे लिहून दिले आहे. आम्हा दोघांचे ८० युरो परत हवेत.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. टूर मॅनेजर पोरगा गुणाचा आहे. सौ.ना त्याने होडीत जवळजवळ उचलूनच ठेवले, रात्री बर्फ आणून दिला. हे पत्र वाचून त्याच्यावर कारवाई करू नये. चुकीचा तक्ता हाती दिल्यावर चालक-वाहकाला दोष देण्याची पद्धत मी नोकरीत फार पाहिली आहे.

माझ्या मागण्या अशा. सँटोरिनीच्या स्थलदर्शनापोटी आकारलेली रक्कम, किती आकारली ते उघड करून, दोघांची परत करावी. वरील ८० युरो परत करावेत. गुडघ्याच्या एमआरआयचा व औषधांचा खर्च द्यावा, बिले सोबत आहेत. आणि एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे : त्या दिवशी बेटावर किती जहाजे लागणार आहेत, हे आपल्या कार्यालयात कोणी, कोणत्या तारखेला पाहिले? कोणीच पाहिले नसेल तर तसे लिहावे.

पितृपंधरवड्यात निघणारी तुकडी म्हणून आपण माणशी पंधरा हजारांची सवलत दिली होती. ती आठवण आपल्या प्रतिनिधीने फोनवर दोनदा करून दिली. सवलत गिऱ्हाईक मिळत नव्हते म्हणून होती, दिवसाचे तास कमी करण्यासाठी नव्हती.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे धाराशिवच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे ‘न्यायक्षेत्र पुणे’ असे आपल्या पावतीवर बारीक अक्षरांत छापले असले तरी मला पुण्याला यायचे कारण नाही. तारखेला आपल्या माणसाला इकडे यावे लागेल. सोलापूरहून तुळजापूरला गाड्या भरपूर आहेत. फक्त नवरात्र आणि पौर्णिमा टाळून या, त्या दिवसांत इथे फार गर्दी असते.

आपला,
(सही)
सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, तुळजापूर

सोबत : डायरीच्या तीन पानांची झेरॉक्स, बुकिंग फॉर्म, कार्यक्रमपत्रिका, ४० युरोच्या दोन पावत्या, दवाखान्याची बिले.

ता. क. : पुढच्या वर्षीची आपली पत्रिका कालच टपालाने आली. सँटोरिनी, सकाळी ८ ते सायंकाळी ६. न्याहारी साडेआठला.