अण्णा, भिंत फोडाच

स्टुटगार्ट, रविवार

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार,

फोनवर स्वयंपाकघरात बसवायच्या विजेच्या चिमणीचा विषय काढला की तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. म्हणून पत्रच लिहायला बसले. दादा छापून देईल. एक प्रत मिस्त्रीला द्या.

दुकानदार म्हणतोय बिनपाइपाची घ्या, भिंतीला हात लावायला नको. तुम्हाला ते पटणारच. विश्रामबागेतल्या त्या घराची वीट न् वीट तुम्ही उन्हात उभं राहून लावून घेतलीत. तरी माझं म्हणणं, भिंत फोडा.

बिनपाइपाची माझ्याकडे आहे. भाड्याच्या घरात भोक पाडू देत नाहीत, म्हणून. ती जाळीत तेल अडकवते, कोळशाच्या फिल्टरमधून वास थोडा कमी करते आणि तीच हवा परत तोंडावर सोडते. उष्णता, वाफ सगळं घरातच राहतं. थंडीत नुसतं पिठलं केलं तरी काचांवरून पाणी ओघळतं. त्यात तो कोळशाचा फिल्टर धुऊन चालत नाही, दर तीन-सहा महिन्यांनी नवा आणायचा. माझी शेगडी विजेची आणि जेवणारी दोन माणसं, म्हणून भागतं. आईच्या ओट्यावर गॅस पेटतो आणि दिवसातून चार फोडण्या पडतात. तिथे धूर घराबाहेरच गेला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, ही नीट वाचा. दुकानदार ताशी १२०० घनमीटर म्हणतोय ना? आपलं स्वयंपाकघर १० बाय ९ फूट, उंची १० फूट, म्हणजे हवा जेमतेम २५ घनमीटर. पाइप जोडल्यावर तो १२०० चा आकडा बराच खाली येतो. पण खरा धरला तर खोलीतली सगळी हवा तासाला पंचेचाळीस-पन्नास वेळा बाहेर फेकली जाणार. तेवढीच हवा आत कुठून तरी यायला हवी. खिडकी बंद असली तर यंत्र ती मिळेल त्या फटीतून ओढतं, आणि आपली सगळ्यात जवळची फट म्हणजे बाथरूमचं दार. आत गॅस गिझर!

इथे ज्या घरात लाकडाची शेगडी असते आणि चिमणीही हवा बाहेर टाकते, तिथे बऱ्याचदा खिडकीला स्विच लावलेला असतो. खिडकी उघडल्याशिवाय चिमणी चालूच होत नाही. कारण चिमणीच्या ओढीने शेगडीचा धूर उलटा घरात येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणसाला कळायच्या आत भोवळ येते. आपला गिझर तर नुसताही बंद बाथरूममध्ये नको, हे मी मागेच म्हणाले होते. तेव्हा आधी गिझर मागच्या उघड्या बाल्कनीत हलवा, मग चिमणी बसवा. दोन्ही खर्च एकदम नको असतील तर चिमणी दिवाळीनंतर घ्या, गिझर थांबवू नका. आणि चिमणी चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवा, शेगडीच्या अगदी शेजारची नको. तिथला वारा धूर चिमणीच्या खालून पळवतो.

मिस्त्रीसाठी. पाइप सहा इंचीच. हाताशी आहे म्हणून चार इंची लावू देऊ नका, त्याची वाट सहा इंचीच्या निम्मीही नसते. मग यंत्र नुसतं ओरडतं आणि धूर जागच्या जागी. मागच्या बोळाच्या भिंतीतून सरळ बाहेर काढा, वळण फार तर एक. सुरकुत्यांचा पाइप असेल तर ताणून बसवायचा, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे साचलेलं पाणी परत शेगडीवर ठिबकणार नाही. माळ्यावर सोडून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. बाहेरच्या तोंडाला उघडझाप होणारी झडप हवी, नाहीतर पारवे घर करतील. बारीक जाळी नको, ती तेलाने बुजते. शेगडीपासून उंची सव्वादोन ते अडीच फूट, पण कंपनीच्या पुस्तकात जास्त लिहिली असेल तर तीच धरा. अर्थिंगचा वेगळा पॉइंटही काढून घ्या.

आईला सांगा, फिल्टर स्टीलचा, पन्हाळी असलेला घ्यायचा. पंधरा दिवसांनी कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवायचा, घासायचा, पूर्ण वाळवून लावायचा. ॲल्युमिनियमची जाळी सोड्यात काळी पडते. आपोआप साफ होणारी म्हणून जी विकतात ती आतल्या पंख्यावरचं तेल गरम करून वाटीत गाळते. वाटी रिकामी कुणी करायची? आपणच. पाइप तर तिच्या हिशोबातच नाही. तेल साठलेल्या फिल्टरखाली कढई पेटली तर आग वर चढते, म्हणून धुण्यात आळस नको. फोडणीच्या आधी दोन मिनिटं सुरू करायची, गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची. भडंगाची फोडणी निभेल, पण उन्हाळ्यातल्या कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या अंगणातच भाजा. त्या ठसक्यापुढे कुठलीही चिमणी हात टेकेल.

आणि गॅस गळल्याचा वास आला तर चिमणी सुरू करायची नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, वर ओढला जात नाही. बटणाची ठिणगी मात्र पुरते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर.

भोक पाडल्यावर पाइप झाकायच्या आधी फोटो पाठवा, आतला आणि बोळातलाही. मी बघितल्याशिवाय मिस्त्रीला पैसे देऊ नका. वहिनीला नमस्कार आणि पिल्लांना आशीर्वाद.

तुमचं शेंडेफळ