टेलला पोचलेलं पाणी

हायडेलबर्ग, रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "त्या झोताचं तू नेमकं काय करतेस?" आणि तेवढ्यात फोन कटला. नाहीतरी फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. आई, तूच वाचून दाखव. त्यांच्या डोळ्याला अजून ताण नको.

मी आकाशातल्या ज्या वस्तूवर काम करते, तिचं नाव ३सी २७३. दुर्बिणीतून ती साध्या ताऱ्यासारखी दिसते. १९६२ साली चंद्र तिच्यावरून सरकला, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने तिच्या लहरी कधी थांबल्या, कधी परत सुरू झाल्या, याच्या वेळा टिपल्या. त्यावरून तिची नेमकी जागा कळली, आणि लहरी दोन ठिकाणांहून येतात हेही कळलं. अमेरिकेतल्या पालोमारच्या दुर्बिणीने घेतलेला तिचा वर्णपट पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी उलगडला. तो तारा नव्हताच. आज दिसणारा त्याचा प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे. अशा वस्तूला क्वेसार म्हणतात. लहरींचं एक ठिकाण म्हणजे हा क्वेसार, आणि दुसरं म्हणजे त्यातून निघालेल्या झोताचं टोक.

क्वेसारच्या पोटात प्रचंड कृष्णविवर आहे. त्याच्या अगदी जवळून हा झोत सुटतो आणि निदान दोन लाख प्रकाशवर्षं जातो. आपल्या आकाशगंगेच्या साधारण दुप्पट. आपल्याला मात्र तो चंद्राच्या रुंदीच्या ऐंशीव्या भागाएवढाच दिसतो.

एक चूक आधी दुरुस्त करते. लहानपणी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तुम्ही मला मोटारसायकलवरून खोडदला रेडिओ दुर्बिणी दाखवायला न्यायचात. त्या पंचेचाळीस मीटरच्या तबकड्या "आकाशातलं ऐकतात" असं मीच घरी येऊन सांगितलं होतं. ते खरं नाही. रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे, तोही प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. माझ्या झोतात हे दोन्ही प्रकाश एकाच कारणाने निघतात. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेतात आणि आपली ऊर्जा उधळत जातात. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी देतात, फार मोठ्या ऊर्जेचे डोळ्यांना दिसणारा प्रकाश.

अडचण इथेच आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. कालव्याचं आवर्तन सुटलं की तोंडाशी, हेडच्या शेतांना भरपूर पाणी मिळतं, आणि शेवटाला, टेलला आपल्या वावरात पोचेपर्यंत चारी कोरडी पडते. रेडिओवाले इलेक्ट्रॉन काटकसरी, लाखो वर्षं टिकतात. ते टोकापर्यंत पोचले, यात नवल नाही. पण प्रकाश देणारे उधळे. तिथल्या चुंबकीय क्षेत्रात त्यांची ऊर्जा हजारेक वर्षांत संपते, आणि मुळापासून झोत दिसू लागतो तिथपर्यंतचं अंतरच लाखभर प्रकाशवर्षांचं. म्हणजे मुळातून निघालेला एकही तिथे पोचायला नको. तरी झोत तिथे उजळतो आणि पुढे आणखी लाखभर प्रकाशवर्षं उजळलेलाच राहतो.

टेलचं वावर ओलं दिसलं तर तुम्ही काय म्हणाल? वाटेत कुठेतरी झरा आहे.

तो झराच आम्ही शोधतो. आधी वाटायचं, झोतात जागोजागी गाठी दिसतात, तिथे धक्का बसून इलेक्ट्रॉनांना नवी ऊर्जा मिळत असावी. तसं असतं तर दोन गाठींच्या मधे प्रकाश लालसर, मलूल व्हायला हवा होता. २००१ साली आमच्याच संस्थेतल्या मंडळींनी हबलच्या प्रतिमांवरून झोताचा रंग जागोजागी मोजला. तो सावकाश बदलत जातो, गाठींपाशी एकदम उड्या मारत नाही. म्हणजे झरा एका जागी नाही, सगळ्या चारीभर पाझर आहे. तो कशामुळे, हे अजून सुटलेलं नाही. क्ष-किरणांत तर चित्रच उलटं: झोत मुळाच्या बाजूला झगझगीत आणि टोकाकडे फिका, तर रेडिओत टोकच सर्वांत तेजस्वी. या तिन्ही प्रतिमा मी रोज एकावर एक ठेवून बघते. कधीकधी जेवायचं राहून जातं. आई, रागावू नकोस, आता वेळेवर जेवते.

मेच्या मध्यात येते आहे. तेव्हा रात्री नऊच्या सुमाराला हस्त नक्षत्राचा चौकोन दक्षिणेला असतो. हात लांब करून त्याच्यावर उत्तरेकडे एक वीत मोजायची. ३सी २७३ तिथे आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसणार नाही, पण जागा तुम्हाला दाखवायची आहे. बाबा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तोवर उरकून घ्या, पुढे ढकलू नका. आई, गच्चीचा जिना तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. आपण खळ्यावरच खाट टाकू.

तुमची,
धाकटी